सुपीरियरच्या काठाने



सरोवर म्हटलं की आपल्यासमोर रंकाळा येतो, फार तर लोणार. पलीकडचा काठ दिसतोच. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सुपीरियर सरोवराचं तसं नाही. ते 82 हजार चौरस किलोमीटरवर पसरलंय, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं, आणि सर्वांत खोल ठिकाणी 406 मीटर. पाणी गोडं, वागणं मात्र समुद्राचं. मिनेसोटा राज्यातल्या त्याच्या उत्तर काठाने, सप्टेंबर महिन्यात, मुलगा आणि सूनबाईंबरोबर आम्ही दोघं आरव्हीतून फिरलो.

आरव्ही म्हणजे राहायच्या सोयीची मोठी गाडी. आत ओटा, पलंग, संडास, सगळं असतं. या घराला स्वतःची शिस्त आहे. मुक्कामी पोचलं की आधी चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी सपाटीला आणायची, नाहीतर तव्यावरचं तेल एकाच कडेला धावतं. मग विजेची जाड केबल खांबाला आणि पाण्याची नळी तोटीला जोडायची. टाक्या तीन: चांगल्या पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. रिकाम्या करताना मैल्याची आधी, सांडपाण्याची नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. ही युक्ती ज्याने काढली, त्याला माझा नमस्कार!

पहिला थांबा डुलूथ. तिथल्या कालव्यावर 1905 मध्ये उभारलेला लोखंडी पूल आहे. आता जहाज आलं की त्याचा रस्ताच सरळ वर उचलला जातो. जहाज भोंगा देतं, पूल भोंग्यानेच उत्तर देतो. पूल उभारला त्याच वर्षी नोव्हेंबरात भयंकर वादळ झालं. ‘मताफा’ नावाचं जहाज बंदरात शिरता शिरता धक्क्यावर आदळलं आणि काठापासून हाकेच्या अंतरावर अडकलं. हजारो माणसं किनाऱ्यावर उभी होती, पण लाटांमुळे होडी घालता येईना. नऊ खलाशी गेले. हे सगळं आम्ही तिथे ऐकलं, हळहळलो, फोटो काढले आणि पुढे निघालो.

रात्रीचा मुक्काम टू हार्बर्सला, अगदी पाण्याकाठी. संध्याकाळी वारा ईशान्येचा झाला. शेजारच्या गाडीतले एक वृद्ध गृहस्थ टॉर्च घेऊन दारोदार फिरले आणि सगळ्यांना सांगून आले, ‘बाहेरचं कापडी छत गुंडाळून घ्या, खुर्च्या आत घ्या.’ स्वच्छतागृहाची पक्की इमारत त्यांनी बोटाने दाखवली. गाडी डोलायला लागली तर तिथे जायचं, गाडीत थांबायचं नाही. उंच, चपट्या बाजूंच्या या गाड्यांना आडवा वारा सोसत नाही.

शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेला वारा काय असतो, ते त्या रात्री कळलं. त्या काठाला वाळू नाही, गोटे आहेत. लाट फुटायची आणि परत जाताना ते सगळे गोटे खडखडत ओढून न्यायची. पाऊस पत्र्यावर आडवा बसत होता. टांगलेले कप एकमेकांवर वाजायला लागले, तेव्हा सूनबाईंनी ते काढून टॉवेलात गुंडाळले. इमारतीत जायची वेळ आली नाही, पण चपला, टॉर्च आणि पासपोर्ट दाराशी ठेवून आम्ही सकाळपर्यंत बसून होतो.

दुसऱ्या दिवशी गूजबेरीचे धबधबे पाहून स्प्लिट रॉकच्या दीपगृहावर गेलो. हे दीपगृह त्या 1905च्या वादळामुळेच बांधलं गेलं. ते सुरू झालं 1910 मध्ये. तेव्हा तिथे रस्ता नव्हता. बांधकामाचं सामान बोटीने आणून जवळजवळ 40 मीटरच्या उभ्या कड्यावर यारीने चढवलं. भिंगं पॅरिसहून आली. आदल्या रात्रीनंतर ते दीपगृह मला नुसतं प्रेक्षणीय वाटेना. त्या कड्याखालच्या काळोखात, लोहखनिजाने भरलेलं जहाज घेऊन चाललेली माणसं मला दिसायला लागली. असा काठ पाहायचा तर हॉटेलच्या जाड काचेमागून नव्हे, पाण्याजवळ राहून पाहावा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

दीपगृहाचं काम 1969 मध्ये संपलं. तरी दर 10 नोव्हेंबरला तिथे दिवा लावतात. 1975 मध्ये त्याच तारखेला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज 29 जणांसह याच सरोवरात बुडालं. त्या सर्वांची नावं तेव्हा वाचली जातात.

आपल्यापैकी अनेकांची मुलं शिकागोला, मिनिॲपोलिसला आहेत. जाणार असाल तर सप्टेंबर उत्तम. पाण्याकाठच्या जागा मात्र कितीतरी महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. गरम कपडे हवेतच. आणि बरोबर हवामानाचा छोटा रेडिओ ठेवा. तिथे सरकारी हवामान खात्याचं प्रसारण अहोरात्र चालतं. वारा कुठून येणार, किती जोराचा, लाटा किती फूट उठतील, हे त्यावर सांगतात. आमचे शेजारी त्या संध्याकाळी तोच रेडिओ ऐकत बसले होते.