औदुंबरचं व्रत



जुन्या मराठी बोलपटांचा विषय निघाला की 'संत तुकाराम'चं नाव लोक आदरानं घेतात, 'कुंकू'चं कौतुकानं घेतात, आणि 'ब्रह्मचारी'चं नाव घेताना सांगणारा जरासा गालात हसतो. हा बोलपट १९३८ सालचा. तो पाहिलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. पण न पाहिलेलेही हसतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नायिका मीनाक्षी पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरते आणि गाणं म्हणते. आज त्या पोशाखाबद्दल न बोलता माझी सुटका नाही, हे मी जाणून आहे. पण तो पोशाख पडद्यावर येण्याआधी या चित्रपटात बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि माझ्या मते खरी खोडी तिथंच आहे.

औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. सिनेमातल्या नटनट्यांच्या तसबिरी जमवणं हा त्याचा उद्योग. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकर नावाच्या वक्त्याचं व्याख्यान ऐकतो. विषय ब्रह्मचर्य आणि राष्ट्रकार्य. औदुंबर पेटतो. तसबिरी बाहेर भिरकावतो, जोर-बैठका सुरू करतो, आजन्म अविवाहित राहण्याची प्रतिज्ञा करतो आणि एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. मग तिथं किशोरी, म्हणजे मीनाक्षी, येते. पुढचं सांगायला नको. ज्या चित्रपटाचं नावच 'ब्रह्मचारी', त्याच्या नायकाचं शेवटी काय होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच कळलेलं असतं. गंमत असते ती तो कसा घसरतो ते बघण्यात.

आजच्या श्रोत्याला वाटेल की ब्रह्मचर्याचं व्याख्यान ही लेखकानं हसवण्यासाठी काढलेली कल्पना असावी. तशी ती मुळीच नव्हती. त्या काळात ही व्याख्यानं खरोखर व्हायची आणि तरुण मुलं ती मन लावून ऐकायची. आखाडे होते, व्यायामशाळा होत्या, स्वयंसेवकांची पथकं होती. गांधीजी ब्रह्मचर्यावर सातत्यानं लिहीत होते. नागपुरात १९२५ साली सुरू झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ वाढत होता. आणि याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमनाबद्दल उघडपणे लिहीत होते आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेत होते. एकीकडून लंगोट कसायचा उपदेश, दुसरीकडून कर्व्यांचं शास्त्र, आणि मध्ये वीस-बावीस वर्षांचा गोंधळलेला मुलगा. औदुंबर त्या मुलांतलाच एक. पुढच्या अभ्यासकांनी हा चित्रपट संघावरची टीका म्हणून वाचला आहे. ते वाचन चुकीचं नाही. पण मला वाटतं, लेखकाचा नेम एका संघटनेपुरता नव्हता. बायको नसली की देश लवकर स्वतंत्र होतो अशी जी एक हवा होती, त्या सगळ्या हवेवर होता.

तो लेखक म्हणजे आचार्य अत्रे. हे काम त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे अनेक वर्षं हेडमास्तर, म्हणजे शिस्तीच्या बाजूची सगळी भाषा त्यांना आतून ठाऊक. 'झेंडूची फुले' लिहून त्यांनी भल्या भल्या कवींची विडंबनं केलेली. आणि १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार' नाटकात त्यांनी सूर्यनमस्काराच्या वेडाला रंगभूमीवर आणून पुरतं लोळवलेलं. विडंबनकाराची एक खास हातोटी असते. तो समोरच्याचा साचा जसाच्या तसा ठेवतो आणि आतला माल बदलतो. 'ब्रह्मचारी' हे माझ्या लेखी सबंध चित्रपटाएवढं विडंबन आहे.

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची ही निर्मिती. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी १९३६ साली ही संस्था काढली होती. वि. स. खांडेकरांच्या कथेवर 'छाया'सारखा गंभीर चित्रपट करणारे विनायक अत्र्यांच्या हाती लागले की वेगळेच व्हायचे. इथं दिग्दर्शनही त्यांचं आणि औदुंबरही तेच. शिवाय दामूअण्णा मालवणकर! हा माणूस नुसता समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं आपले ते सुप्रसिद्ध डोळे प्रेक्षकांकडे वळवले की थिएटर हसायला लागायचं. संवादाची वाट कोण बघतो? संगीत दादा चांदेकरांचं. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. हिंदीचं आज फारसं कुणी नाव काढत नाही.

आता पाण्याकडे येऊ.

यमुनेच्या जळात खेळायला बोलावणारं ते गाणं अत्र्यांचंच, आणि मीनाक्षीबाईंनी ते स्वतःच्या आवाजात गायलेलं. नुसते शब्द ऐका आणि डोळे मिटा. तुम्हाला गौळणी दिसतील, कृष्ण दिसेल, जलक्रीडा दिसेल. हे सगळं कीर्तनात, लावणीत, तमाशाच्या गौळणीत आपल्या लोकांनी शेकडो वर्षं ऐकलेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. अत्र्यांनी शब्दांचा साचा तोच ठेवला आणि विनायकांनी त्यात पोहण्याच्या आधुनिक पोशाखातली एक सुशिक्षित मुलगी उभी केली. झालं! जे कानांना पवित्र होतं ते डोळ्यांना चालेना. माझ्या मते 'झेंडूची फुले'तली युक्तीच इथं कॅमेऱ्यानं केली आहे, आणि या चित्रपटातला सगळ्यात हुशार विनोद हाच आहे. तिथं हसण्यासारखं असं कुणी काही बोलत नाही.

लोकांनी काय केलं? दोन्ही गोष्टी केल्या. नाकं मुरडली आणि तिकिटं काढली. संस्कृती बुडाल्याची ओरड झाली, आणि चित्रपट धो धो चालला. कॉलेजातली मुलं तेवढ्या प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा जात, असं जुनी मंडळी सांगायची. अर्थात सांगणारा नेहमी दुसऱ्याच कुणाबद्दल सांगायचा, स्वतः गेल्याचं कबूल करणारा विरळा. यात मला गंमत वाटते ती अशी, की थिएटरात बसलेला प्रेक्षक आणि पडद्यावरचा औदुंबर यांची अवस्था एकच झाली होती. बघायचं नाही असं ठरवून आलेले, आणि नजर हलत नाही. अत्र्यांना आपल्या म्हणण्याचा पुरावा रोज तीन-तीन खेळांत मिळत होता.

पण या गदारोळाचा एक परिणाम असा झाला की चर्चा पोशाखाभोवतीच फिरत राहिली. जटाशंकरांचं व्याख्यान, आचार्यांची संस्था, देशसेवा आणि देहदंड यांची ती गल्लत, हे सगळं मागे पडलं. पोशाखाचं म्हणाल तर आज तो पाहून शाळेतली मुलंसुद्धा विचारतील की एवढं काय होतं त्यात. मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर १९९३ साली मिस इंडिया झाली, तोवर त्या स्पर्धांत असा पोशाख हा नेमाचा भाग झाला होता. व्याख्यानाचं मात्र तसं नाही. तरुणांना उभं करून, आवाज चढवून, सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगणारा वक्ता आजही ताजा वाटतो. चित्रपट पाहणार असाल तर पहिला भाग पुढे पळवू नका, एवढं सांगतो.

आणखी एक. 'ब्रह्मचारी'च्या आधीच्याच वर्षी, १९३७ मध्ये, प्रभातचा 'कुंकू' आला होता. त्यातली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारते. शांता आपट्यांच्या त्या नीरेवर समाजानं कौतुकाची फुलं उधळली, आणि ती योग्यच होती. वर्षभरात किशोरी आली. तिनं कुणाला नाकारलं नाही. तिला एक पुरुष आवडला आणि तिनं त्याला बोलावलं. नकार देणारी स्त्री धीट म्हणून स्वीकारली गेली, आणि होकार देणारी चावट ठरली. मला वाटतं, खळबळ फक्त कापडाच्या लांबी-रुंदीची नव्हती. पोशाख तोच ठेवून ती मुलगी लाजत, अंग चोरत पाण्यात उतरली असती, तर इतका गहजब झाला नसता. इथं ती मजेत होती.

प्रसंग लिहिला अत्र्यांनी, बसवला विनायकांनी, टिपला पांडुरंग नाइकांनी. आठवण मात्र एकट्या मीनाक्षीबाईंच्या नावावर राहिली. मूळच्या त्या रतन पेडणेकर. मीनाक्षी हे पडद्यावरचं नाव. या गदारोळानंतर त्या घरी बसल्या असतील असं कुणाला वाटेल, तर तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी विनायकांच्या 'देवता'मध्ये त्या होत्या, १९४० साली अत्र्यांच्याच कथेवरच्या 'अर्धांगी'त होत्या, त्यानंतर 'अमृत'मध्येही होत्या. आणि अत्रे? पोहण्याच्या प्रसंगावरून ज्यांच्या नावानं बोटं मोडली गेली, त्याच अत्र्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' काढला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं. तो पाहायला तीच मंडळी गेली, या खेपेला घरच्यांना बरोबर घेऊन.