मैदानाच्या कडेला बसलेली मुलगी

कुणी चुलीपुढे असाल, कुणी गटाची बैठक आटोपून रेडिओ लावला असेल. आज मी शाळेतल्या खेळांबद्दल आणि गॅदरिंगमधल्या नाचाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, याचा आपल्या बचत गटाशी काय संबंध? संबंध आहे. सांगते.

हायस्कूलचं वर्ष कसं जातं बघा. जूनमध्ये शाळा भरते. मग तालुक्याच्या शालेय स्पर्धा येतात. त्यात १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. तालुक्याला जिंकलं की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. दिवाळीची सुट्टी संपली की बऱ्याच शाळांत वर्गावर्गांचे सामने होतात, नववी अ विरुद्ध नववी ब असे. त्याच सुमारास स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं गॅदरिंग. त्यानंतर सगळी परीक्षेच्या मागे.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी थोरली नववीत असताना वर्गाच्या खो-खोच्या संघात होती. शाळा सुटल्यावर सराव असायचा. नेमकी तीच नळाला पाणी येण्याची वेळ. त्यात तिला पाळी सुरू झालेली. मी म्हटलं, "आता मोठी झालीस, पुरे झालं ते पळणं." पोर काही बोलली नाही. सामन्याच्या दिवशी मैत्रिणींसाठी पाण्याचा कॅन घेऊन मैदानाच्या कडेला बसली. पुढं गॅदरिंगच्या नाचातही तिनं नाव दिलं नाही. का गं, विचारलं, तर म्हणाली, "मला लाज वाटते."

बायांनो, हीच पोर सहावीत असताना अंगणात दिवसभर नाचायची. ही लाज तिला कुणी शिकवली? शाळेनं नाही. मीच शिकवली.

खो-खोच्या संघात १२ खेळाडू असतात, त्यातले ९ मैदानात उतरतात. म्हणजे शाळेत दीडशे मुली असल्या तरी तालुक्याला जाणार १२. बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठीच वर्गावर्गांचे सामने असतात. तिथं जाडी, बारकी, हळू पळणारी, सगळ्यांना पाळी मिळते. नाचाचंही तसंच. पुढच्या रांगेत दोघी उत्तम नाचणाऱ्या असू देत, पण मागच्या रांगेत बाकीच्यांनाही जागा हवी. पदक एखादीलाच मिळतं. पण चारचौघांत उभं राहण्याचं, हरलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याचं बळ सगळ्यांना मिळू शकतं.

आणि हे शरीरासाठीही लागतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरकाम आणि खेळ एक नव्हे. कामात मन मोकळं होत नाही. पाळीत खेळलं तर बिघडतं, ही समजूतही सोडूया. तिला बरं वाटत असेल तर खुशाल खेळू द्या. फार दुखत असेल, अंगावरून जास्त जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात दाखवा. पण खेळ कायमचा बंद करू नका.

आपल्या धाराशिवची सारिका काळे याच खो-खोत भारताची कर्णधार झाली. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघानं सुवर्णपदक आणलं आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. प्रत्येकीची पोर सारिका होणार नाही. पण मैदानात उतरल्याशिवाय कुणाचीच होणार नाही.

मग आपण काय करायचं? पहिलं, सरावाच्या दिवसांत घरचं काम वाटून द्या. पाणी भाऊही भरू शकतो, त्यालाही हात आहेत. दुसरं, एका वाटेच्या चार-पाच मुली मिळून घरी येतील असं ठरवा. उशीर होणार असेल तर गटातली एकजण आळीपाळीनं आणायला जाईल. तिसरं, पालकसभेला जा आणि विचारा: मुलींच्या वर्गावर्गांचे सामने होणार का? संडासात पाणी आहे का? पॅड मिळतात का? चौथं, नाचाच्या कपड्यांचं. भाड्याच्या ड्रेसपायी कितीतरी मुली मागं राहतात. बाईंना सांगा, आमच्या पेटीतल्या नऊवारी आम्ही देतो, पण पैशांमुळं एकही मुलगी वगळू नका.

धाकटी नववीत गेली तेव्हा मी हे सगळं केलं. तिचा वर्ग पहिल्याच सामन्यात हरला. गुडघा खरचटून घरी आली. मी हळद लावत होते आणि ती बडबडत होती, कुणी खो उशिरा दिला, कोण कशी निसटली. जेवण झालं तरी तिचं बोलणं संपेना. थोरली शेजारी बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आई, मलापण खेळायचं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज हे बोलले. यंदाच्या सामन्यांची तारीख शाळेत विचारून घ्या आणि त्या दिवशी अर्धा रोज बुडाला तरी बघायला जा. आई कडेला उभी असली की मुलगी मैदानात उतरते.

येते आता. नमस्कार.