कोपऱ्यातील परदेशी पाहुणा



मुंडकोपनिषदात सृष्टीची उत्पत्ती सांगताना ऊर्णनाभाचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त योजिला आहे. तोच कोळी घराच्या आढ्याला दिसला की केरसुणी उचलली जाते आणि त्याच्या विणकामाला ‘कोळिष्टक’ असे तुच्छतेचे नाव मिळते. आदर आणि तिटकारा या दोहोंच्या ओढाताणीत त्याला निरखून पाहणे मात्र राहून जाते. आज त्याची निकड आहे. कारण घरातला प्रत्येक कोळी आता इथलाच असेल, असे नाही.

‘ब्राऊन विडो’ या विषारी कोळ्याची भारतातील पहिली नोंद २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये त्याचे वर्णन करून ‘लॅट्रोडेक्टस जिऑमेट्रिकस’ हे नाव दिले. आफ्रिका ही त्याची मूळ भूमी मानली जाते. तेथून तो माणसाच्या मालाबरोबर जगभर पसरला. जपानमध्ये तो १९९५ साली आढळला.

बेल्लमपल्लीसारख्या गावी ही माहिती विशेष उपयोगी आहे. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात असलेले हे कोळसा खाणींचे गाव काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्गावर वसले आहे. बदलीचे बिऱ्हाड, कुंड्या, जुने टायर यांची येथे सतत ये-जा असते, आणि अशा वस्तूंच्या खोबणींतच हा कोळी दडतो.

तो ओळखावा कसा? रंगावर विसंबू नये. तो फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत असतो. मादीचे शरीर सुमारे एक सेंटिमीटर, पायांवर पट्टे आणि पोटाखाली वाळूच्या घड्याळाच्या आकाराची नारिंगी खूण असते. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे अंडकोश. धोतऱ्याचे काटेरी फळ वाटाण्याएवढे करून जाळ्यात टांगावे, तसा तो पिवळट गोळा दिसतो. त्यात शंभराहून अधिक अंडी असू शकतात.

हा कोळी भित्रा आहे. अंगाखाली वा बोटाखाली दबला तरच बहुधा चावतो. दंशाच्या जागी वेदना होतात. जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. वेदना वाढल्यास, विशेषतः रुग्ण लहान मूल असल्यास, वैद्याकडे न्यावे. खुर्चीखाली किंवा कुंडीच्या काठाखाली उघडा हात घालू नये. काटेरी अंडकोश आढळल्यास हातमोजे घालून काढावा व चिरडून टाकावा.

परंतु या एकाच्या भयाने सरसकट विषारी फवारा मारणे हा आत्मघात ठरेल. भिंतीवरचा चपटा, मोठा कोळी झुरळे टिपतो. उड्या मारणारा चिमुकला कोळी माश्या पकडतो. या जुन्या राखणदारांना मारल्यावर रिकाम्या कोपऱ्यात नवा पाहुणाच सुखाने बिऱ्हाड मांडील. म्हणून केरसुणी उचलण्यापूर्वी क्षणभर दिवा जवळ न्यावा आणि कोपऱ्यात कोण आहे, ते पाहावे.