गोठलेल्या नदीवर जाण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही तरुण येत्या हिवाळ्यात लडाखमधील झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावरून पायी प्रवास करण्याचा बेत करीत आहेत. आम्ही त्या वाटेने जाऊन आलो असल्याने चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आरंभीच कबूल करतो की, आम्ही ठरविलेल्या नेरक गावापर्यंत पोहोचलो नाही. तथापि आमचे सांगणे त्यामुळेच अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

झांस्कर नदी निम्मू गावाजवळ सिंधूस मिळते. हिवाळ्यात खिंडी हिमाने बंद झाल्या म्हणजे झांस्करच्या रहिवाशांना लेहला येण्यास नदीवरील बर्फाचा थर हीच वाट उरे. तिला ‘चादर’ असे नाव पडले आहे. हीच वाट चालून तेथील लोक लोणी विकावयास आणीत व मुलांना शाळेसाठी लेहला पोचवीत. निम्मू-पदुम-दारचा हा मोटाररस्ता २०२४ च्या मार्चमध्ये सलग जोडला गेला. परंतु बर्फाची पारख असणारी माणसे आजही तेथलीच आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर आपण जातो.

आता तयारीविषयी. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो. विमानाने एकदम तेथे उतरणाऱ्याने निदान तीन दिवस विसावा घ्यावा. वैद्यकीय तपासणीत काहीही लपवू नये. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना उडणे ही विरळ हवेची चिन्हे होत. दोन-तीन महिने सिंहगड चढून पायांत बळ येईल. उंचीची सवय मात्र उंचीवरच होते.

रात्री थंडी उणे २० अंशांच्याही खाली जाते. सुती कपडा घाम धरून अंग गारठवितो, म्हणून आतून लोकरीचे कपडे घालावेत. बर्फावर पाणी चढते, तेव्हा रबरी गमबूटच कामास येतात. ते दोन जोड मोजे मावतील इतके सैल असावेत. कोरड्या मोज्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत राखून ठेवावा. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरू लागतो. चालताना पाऊल उचलून न टाकता सरकवीत न्यावे.

ही सर्व सिद्धता आमची होती. उणीव निराळीच निघाली. तिसऱ्या दिवशी आमच्या वाटाड्याने काठी बर्फावर आपटली, आवाज ऐकला आणि “आज पुढे नाही,” एवढेच सांगितले. आम्ही वाद घातला. खर्च झाला होता, रजा संपत आली होती आणि घरी सर्वांना नेरकला जाणार असे सांगून ठेवले होते. वाद घालणाऱ्यांत प्रस्तुत वक्ताच अग्रभागी होता. आमच्यापैकी एकजण आमच्या शब्दाने चेतून चार पावले पुढे गेला, आणि बर्फ मोडून मांडीपर्यंत पाण्यात उतरला. त्याच वाटाड्याने काठी पुढे करून त्यास ओढून काढले. जवळच्या गुहेत वाहून आलेल्या लाकडांचा जाळ केला. कोरडे मोजे हाताशी होते. तरी त्याच्या बोटांना संवेदना येईपर्यंत जो वेळ गेला, त्यात कोणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. वाटाड्याने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही माघारी फिरलो.

तरुण मित्रांनो, परतीसाठी दोन दिवस हाती राखूनच रजा काढा, आणि वाटाड्याचा शब्द अखेरचा मानण्याचे येथेच आपसांत ठरवून घ्या. तेथे थंडीत बसून ते ठरत नाही.

आणि वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुले परत आली की “कुठवर गेलात?” हा प्रश्न प्रथम विचारू नका. आम्ही बर्फावर उभे राहून वाद घातला, तो पुष्कळसा ह्याच प्रश्नाच्या धाकाने. हातपाय धड आहेत ना, एवढे पाहा आणि त्यांस जेवावयास वाढा.