हृदयाचा पंप आणि त्याचा खलाशी



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आज मी बोलणार आहे ते हृदयात बसवलेल्या पंपाविषयी, आणि असा पंप बसवलेल्या रोग्याच्या आतड्यातून होणाऱ्या रक्तस्रावाविषयी. मी डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, आजारी कामगारांची कागदपत्रे वाचता वाचता आणि डॉक्टरांना प्रश्न विचारता विचारता झाले. तेव्हा औषधाची मात्रा मी सांगणार नाही. समजलेली गोष्ट सरळ सांगणार आहे.

कुणी विचारील, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात असा पंप बसवलेला माणूस शोधून तरी सापडेल काय? शंका रास्त आहे. ह्या पंपाची किंमत अर्ध्या कोटीच्या वर जाते आणि आपल्या देशात तो मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत बसवतात. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला. पंपाच्या रोग्यापुढे जी अडचण उभी राहते, तिचीच धाकटी बहीण आपल्या गावागावांत हृदयाची झडप बदललेल्या रोग्यांच्या घरी नांदते आहे. मोठी पाहिली म्हणजे धाकटी ओळखता येते.

प्रथम पंप समजून घेऊ. हृदयाचा डावा खालचा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवतो. तो फार दुबळा झाला आणि औषधांनी हात टेकले, म्हणजे त्या कप्प्याच्या टोकाशी एक लहान पंप जोडतात. कप्प्यातले रक्त ओढून तो नळीवाटे महाधमनीत सोडतो. त्याची तार पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कमरेला नियंत्रणाची पेटी व बॅटऱ्या असतात. दुसऱ्याचे हृदय मिळेपर्यंत कुणाला हा आधार, तर कुणाला तो जन्माचा सोबती. पहिले पंप हृदयाप्रमाणे ठोके देत. पण ते अवजड होते आणि लवकर झिजत. मग फिरत्या चाकाचे पंप आले. त्यांपैकी हार्टमेट-दोन ह्या पंपाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. रोगी अधिक काळ जगू लागले. परंतु ह्या नव्या पंपांबरोबर एक दुखणेही वाढले. चार-पाच रोग्यांमागे एकाला आतड्यातून रक्त जाऊ लागले.

असे का व्हावे? कारणे तीन आहेत. पहिले उघड आहे. यंत्रात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोग्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. मग कुठे बारीक छिद्र पडले तर ते लवकर बुजत नाही. दुसरे कारण यंत्राच्या गतीत आहे. आपल्या रक्तात एका प्रथिनाचे लांबलांब धागे असतात. फिनलंडचे डॉक्टर फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली रक्तस्रावाच्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले, त्यांचेच नाव ह्या प्रथिनाला मिळाले. जखम झाली की हे धागे रक्तातल्या बिंबिकांना धरून ठेवतात आणि भोक बुजते. वेगाने फिरणाऱ्या पंपातून जाताना हे धागे ताणले जातात व त्यांचे तुकडे होतात. दोर लांब असेल तर मोळी बांधता येते. वीतवीत तुकडे हाती आले तर लाकडे सुटी पडतात. तिसरे कारण ठोक्याचे. पंपाचे रक्त एकसारखे वाहते, त्याला भरती-ओहोटी थोडी. आणि आतड्याच्या अस्तरात नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात, असे तज्ज्ञ मानतात. त्याच फुटतात.

ह्या गोष्टीचा सुगावा पंपाच्या आधीच लागला होता. १९५८ साली हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक पत्र छापून कळवले, की महाधमनीची झडप अरुंद झालेल्या काही वृद्धांच्या आतड्यातून रक्त जाते. पुढे उलगडा झाला, की अरुंद फटीतून जोराने घुसणाऱ्या रक्तातही हेच धागे तुटतात, आणि झडप बदलली म्हणजे पुन्हा सांधतात. मोकळी वाट मिळाली की रक्त आपला गुण परत मिळवते.

आता इलाज. असा रोगी आला म्हणजे डॉक्टरांपुढे दोन्ही बाजूंना दरी असते. गोळ्या चालू ठेवाव्यात तर रक्त जाते. बंद कराव्यात तर पंपात गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून पहिली पायरी मोजण्याची. रक्तातले हिमोग्लोबिन किती, आणि रक्त किती पातळ झाले आहे याचा आकडा, ज्याला आयएनआर म्हणतात, तो किती? पंपाच्या रोग्यात तो साधारण २ ते ३ ठेवतात. आकडा पाहून गोळ्या काही दिवस थांबवतात. गरज असेल तर रक्त चढवतात. पण ज्याला पुढे दुसऱ्याचे हृदय बसवायचे आहे त्याला रक्त बेतानेच देतात, कारण परक्या रक्ताने शरीरात विरोधी द्रव्ये तयार होतात व जुळणारे हृदय मिळणे अवघड होते. मग दुर्बिणीने जठर व आतडे तपासून वाहणारी जागा डागतात किंवा चिमट्याने बंद करतात. लहान आतड्यातली जागा दुर्बिणीला सापडली नाही, तर गिळायच्या कॅमेऱ्याची मदत घेतात. पुन्हापुन्हा रक्त जात असेल तर पंपाची गती थोडी उतरवून हृदयाला स्वतःचा ठोका देऊ देतात, आणि ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनेही देतात. रक्त थांबले की गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, त्या सावधपणे.

यंत्रही सुधारले. हार्टमेट-तीन ह्या पंपाचे चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरते, आणि दर दोन सेकंदांनी गती बदलून थोडा ठोका देते. त्यात धागे कमी तुटतात. त्याच पंपाच्या रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ साली आला. ६२८ रोगी, नऊ देश. नेहमीच्या गोळीबरोबर दिली जाणारी ॲस्पिरिन वगळली, तर रक्तस्राव ३४ टक्क्यांनी घटला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. वर्षानुवर्षे रिवाज म्हणून दिलेली एक गोळी काढून टाकणे, हाच इलाज ठरला.

आता आपल्या मुलखात येऊ. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप येतो. दाटीवाटीच्या घरांत हा सांधेताप अधिक, आणि तो हृदयाच्या झडपा खराब करून जातो. अशा रोग्याला कृत्रिम झडप बसवतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत घडलेली आपल्या देशाची झडप १९९० सालच्या डिसेंबरात प्रथम माणसाला बसवली गेली, आणि असे उपचार गरिबाच्या आवाक्याजवळ आले. सरकारी आरोग्य विमा योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला गडचिरोली होता. म्हणजे शस्त्रक्रिया मिळू लागली. पण धातूची झडप बसली की गुठळीच्या भीतीने तीच रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आणि वेळोवेळी तोच आकडा मोजावा लागतो.

येथे खरी गाठ आहे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट बंद. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. तपासणी ज्या गावी होत नाही तिथल्या कंत्राटी मजुराने आकडा मोजायला जायचे, तर दिवसाचा रोज बुडतो आणि भाड्याचे पैसे वेगळे. तो एक महिना टाळतो, मग दोन. दरम्यान आकडा मुक्काम बदलतो. आषाढात तरोट्याची कोवळी भाजी रोज पानात येते आणि उन्हाळ्यात हिरवे पान दिसत नाही. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो, आणि भाजी एकदम बंद झाली की तो वाढतो. भाजी सोडू नका, प्रमाण एकसारखे ठेवा. क्षयाचे रिफॅम्पिसिन चालू झाले तरी जोर उतरतो. आणि सर्वांत घातक ती दुकानातून घेतलेली अंगदुखीची गोळी! बांबू तोडून, तेंदूपाने खुडून पाठ भरून येते, मजूर ती गोळी घेतो, जठराला जखम होते, आणि पातळ रक्त थांबत नाही.

मग ओळखायचे कसे? शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, चक्कर आली, धाप लागली, तर रक्त जात आहे असे धरा. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या पुष्कळांना मिळतात, त्यांनीही शौच काळी होते. पण ती चिकट नसते, चक्करही येत नाही. संशय असेल तर दवाखाना गाठा. मनाने गोळी बंद करू नका, आणि अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. सिकलसेलने ज्याचे रक्त आधीच थोडे, त्याच्या घरच्यांनी तर एक दिवसही थांबू नये. पंपाच्या रोग्याविषयी एक जास्तीची खूण सांगतो: त्याची नाडी हाताला लागतही नाही. तेवढ्यावरून तो गेला असे ठरवू नका. छातीला कान लावा, पंपाची घरघर ऐका.

मित्रहो, बल्लारपूर-माजरीच्या खाणींत पाणी भरते हे आपण जाणता. तिथे पंप बसवला की त्यावर पंप-खलाशी नेमतात, तिन्ही पाळ्यांत. तो आवाज ऐकतो, पाण्याची पातळी पाहतो, वहीत नोंद करतो. खलाशाविना पंप बसवणाऱ्या व्यवस्थापनाला आपण वेडा म्हणू. मग माणसाच्या छातीत लाखांची झडप किंवा कोटीचा पंप बसवून त्याला बसमध्ये बसवून देणे, ह्याला काय म्हणावे? यंत्र बसवण्याचा खर्च एकदाच होतो, देखरेखीचा रोज होतो. आणि जीव रोजच्या देखरेखीने वाचतो.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. बोटाच्या थेंबावर आयएनआर मोजणारे यंत्र तालुक्यातालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असावे. तिथेच रक्त साठवण्याची सोय असावी. रोग्याजवळ मराठी, गोंडी, माडिया आणि सिरोंचाकडे तेलुगू भाषेत एक पत्रक असावे; त्यात गोळीचे नाव, आकडा, आणि काळ्या शौचेची खूण लिहिलेली असावी. आणि जी मागणी युनियनची स्वतःची, ती ही: तपासणीचा दिवस भरपगारी मानावा, कंत्राटी मजुरालासुद्धा. पुढच्या करारात हे कलम घालण्यासाठी जी मंडळी बसतील, त्यांनी महागाईभत्त्याच्या खाली त्याला एक ओळ द्यावी.

आपल्या आळीत झडप बसवलेला कुणी असेल, तर त्याचा शेवटचा आकडा कधी मोजला, एवढे उद्या सकाळी त्याला विचारा.