स्वीकाराची जबाबदारी कोणाची?



६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेजसिंग जोहर खटल्याचा निकाल दिला आणि दोन प्रौढ व्यक्तींनी राजीखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध हा या देशात गुन्हा उरला नाही. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम त्या दिवशी या बाबतीत निष्प्रभ झाले. आपल्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. कुटुंबही या अन्यायात भरडले गेले, हे त्यांनी ओळखले होते. पण कायद्याच्या धाकातून सुटलेल्या कुटुंबाने पुढे काय करायचे, हे कोणतेही न्यायालय सांगू शकत नाही. आपले आकर्षण आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे आहे हे सोळाव्या-सतराव्या वर्षी उमगलेला मुलगा किंवा मुलगी पुढची कित्येक वर्षे स्वतःशी झगडत राहते. ‘मीच असा का’, ‘हे जाईल का’, ‘आईला कळले तर काय होईल’ हे प्रश्न रात्र रात्र झोपू देत नाहीत. या झगड्याला आपण त्या मुलाची मानसिक अडचण समजतो आणि त्याने स्वतःला स्वीकारावे असा सल्ला देतो. माझे म्हणणे असे, की हा झगडा त्याच्या मनात चालतो, पण तो निर्माण होतो घरात. म्हणून तो मिटवण्याची पहिली जबाबदारीही घराचीच आहे.

वैद्यकशास्त्राला हे समजायला किती वेळ लागला ते पाहा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. पण संघटनेच्या त्या वेळच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात एक पळवाट राहून गेली. स्वतःचा लैंगिक कल ज्याला नकोसा वाटतो आणि तो बदलावा असे वाटते, त्याच्यासाठी वेगळे निदान शिल्लक ठेवले गेले. समलैंगिक असणे हा आजार नाही, पण त्याचा त्रास होणे हा आजार, असा त्याचा अर्थ. मग तज्ज्ञांनी विचारले, की हा त्रास येतो कुठून? ज्याला लहानपणापासून हिणवणे ऐकावे लागले, ज्याला घराबाहेर काढले जाण्याची भीती आहे, त्याला स्वतःचा कल नकोसा वाटला तर यात रोग कोणाचा? मे २०१९ मध्ये मंजूर झालेल्या संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातून ते निदानही गेले. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असे जाहीर केले होतेच. म्हणजे विज्ञानाने प्रथम माणसाला निरोगी ठरवले आणि पुढे त्याच्या वेदनेचे मूळही त्याच्याबाहेर आहे हे मान्य केले. समाजाच्या तिरस्काराचा हा जो सततचा ताण असतो, त्याची सविस्तर मांडणी इलान मेयर या संशोधकाने २००३ साली केली आहे.

आता बाहेर म्हणजे नेमके कुठे? कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते २५ वयोगटातील समलैंगिक व द्विलैंगिक तरुण-तरुणींचा अमेरिकेत अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. किशोरवयात ज्यांना घरच्यांकडून तीव्र नकार मिळाला, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता, नकार न मिळालेल्या किंवा थोडाच मिळालेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट आढळली. तीव्र नैराश्याची ५.९ पट. मला या संशोधनातली अधिक बोलकी गोष्ट वाटते ती नकाराची व्याख्या. घराबाहेर काढणे आणि मारणे एवढ्यालाच त्यांनी नकार म्हटले नाही. घरच्या कार्यात त्याला न नेणे, पाहुण्यांसमोर त्याचा विषय टाळणे, ‘जरा पुरुषासारखा वाग’ असे टोकत राहणे, समलैंगिक मित्रांशी संबंध तोडायला लावणे, हेही त्यात मोडते. मित्र तोडायला लावणे हे मारहाणीइतकेच घातक ठरू शकते, असे या संशोधकांनी पालकांना बजावले आहे. अमेरिकेतला अभ्यास इथे कसा लागू होईल, असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे. आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरतेच असेही नाही. पण तिथे अठरा-वीस वर्षांचा मुलगा घर सोडून वेगळा राहू लागणे नेहमीचे आहे. आपल्याकडे नोकरी, लग्न, आजारपण, घर घेणे, सारेच आईवडिलांच्या साक्षीने होते. जिथे कुटुंबाचा आधार मोठा, तिथे कुटुंबाच्या नकाराचा घावही खोलच बसणार.

हा नकार मराठी घरात बहुतेक वेळा रागातून येत नाही. तो लग्नाच्या काळजीतून येतो. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी स्थळे सुरू होतात. वडील फोनवर बायोडाटा पाठवतात. त्यात उंची, रक्तगट, गोत्र, रास, नाडी, पगार, मामाचे गाव सगळे असते, आणि खाली ‘बघून घे, रविवारी फोन करायचा आहे’. मुलगा म्हणतो, नोकरीत जरा स्थिर होऊ दे. मग म्हणतो, ताईचे होऊ दे. मग घराचे हप्ते पुढे करतो. एकेक सबब वापरून संपते आणि तिशी ओलांडता ओलांडता त्याच्या हातात काहीच उरत नाही. तोवर आईने ‘आमचे डोळे मिटायच्या आत’ हे शब्द उच्चारलेले असतात. मुलीला तर एवढ्या सबबीही मिळत नाहीत. तिचे ‘वय निघून चालले’ हे चोविसाव्या वर्षीच ऐकू येऊ लागते, आणि स्वतःची कमाई नसेल तर तिला नकार देण्याची सोयच नसते. या काळात आपण मुलावर अन्याय करत आहोत असे आईवडिलांना जराही वाटत नाही. ते आपले कर्तव्य करत असतात. म्हणूनच या दडपणाशी भांडणे कठीण जाते. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना दुखवायचे, की स्वतःशी खोटे वागायचे, एवढेच दोन पर्याय त्या मुलापुढे उरतात. तो बहुधा दुसरा निवडतो आणि स्वतःलाच दोष देत राहतो.

‘एकदा दोनाचे चार हात झाले की सगळे ताळ्यावर येईल’, हा माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप. लैंगिक कल लग्नाने बदलत नाही. लग्नाने फक्त दुःखात एक माणूस वाढते. ज्या मुलीला काही न सांगता या घरात आणले जाते, ती आपल्यातच काही कमी आहे असे समजून वर्षे काढते. समलैंगिक मुलीचे लग्न पुरुषाशी लावले, तर नको असलेला शरीरसंबंध तिच्यावर रोज लादला जाऊ शकतो, आणि पतीने सज्ञान पत्नीवर केलेली बळजबरी आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. वस्तुस्थिती दडवून लावलेले लग्न कौटुंबिक न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहते, तेव्हा दोन्ही घरांची अब्रू वाचवण्यासाठी केलेला उपाय दोन्ही घरांना चव्हाट्यावर आणतो. मुलाचे भले व्हावे म्हणून हे केले, असे म्हणणाऱ्याने त्या परक्या घरच्या लेकीचे काय, याचे उत्तर दिले पाहिजे.

दुसरा आक्षेप उपचारांचा: उपचार केले की कल बदलेल. कुणी डॉक्टर गाठतात, कुणी बुवा-महाराज. याबाबत न्यायालयात काय झाले ते पाहा. समलिंगी नात्यातल्या दोन तरुणी मदुराईतील आपली घरे सोडून चेन्नईला आल्या आणि घरच्यांपासून संरक्षण मागत मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी उघडपणे सांगितले, की या विषयाचे आपले ज्ञान अपुरे आहे, आणि निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले. मुलींच्या आईवडिलांनाही त्यांनी समुपदेशकाकडे पाठवले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती शिकायला तयार होतो, तर वडिलांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे बाहेरून आलेले फॅड आहे. त्याला उत्तर आपल्याच भाषेत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाला वाचक हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना उत्तरे देत. या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वीही ही माणसे आपल्यात होती, त्यांना प्रश्न पडत होते आणि विचारण्याचे धैर्यही होते. आपण शिक्षा केली ती उत्तर देणाऱ्याला.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: आईवडिलांच्या दुःखाचे काय? त्यांनी पाहिलेली स्वप्ने मोडतात. भावकी, सोसायटी, देवळातल्या ओळखीपाळखी, सगळ्यांना तोंड द्यावे लागते. हे दुःख खरे आहे आणि त्याची कुचेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ हे नाटक मुलाचे सत्य कळलेल्या आईचीच घालमेल मांडते. समलैंगिक मुलांच्या पालकांची मनोगते बिंदुमाधव खिरे यांनी ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात मराठीत आणली. ३७७ कलमाच्या लढाईत अशा मुलांचे आईवडील आपल्या लेकरांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले, आणि मुंबईत ‘स्वीकार’ या नावाचा पालकांचा गट काम करतो. यांतल्या पुष्कळ पालकांना आधी धक्का बसला होताच. मग त्यांनी तो भार एकमेकांशी बोलून हलका केला. मुलाच्या डोक्यावर टाकला नाही. फरक इथे आहे. आईने रडावे, वडिलांनी चार दिवस गप्प राहावे, पण त्या रडण्याचे आणि गप्प राहण्याचे कारण मी आहे, असे मुलाला वाटू देऊ नये.

शेवटचा आक्षेप मुलांच्या बाजूचा दिसतो: ‘त्यांनी धीर करून सांगून टाकावे, म्हणजे प्रश्न सुटेल.’ सांगणे हा त्यांचा हक्क आहे, कर्तव्य नाही. जिथे मारहाणीचे, कोंडून ठेवण्याचे, शिक्षण बंद करण्याचे भय आहे, तिथे पायावर उभे राहीपर्यंत गप्प राहणे यात शहाणपण आहे. त्याला भित्रेपणा म्हणणे हा अन्याय होईल. शिवाय १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे वीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदारही आज कायद्याने पती किंवा पत्नी नाही, वारसा हक्काने त्याच्याकडे काही येत नाही. कायद्याच्या लेखी या माणसाचे नातेवाईक म्हणून जन्माचे कुटुंबच उरते. त्यामुळे त्या कुटुंबाने पाठ फिरवली तर त्याची जागा घ्यायला दुसरे कोणी नाही.

श्रोतेहो, मी कुटुंबाकडून एका रात्रीत मतपरिवर्तन मागत नाही. समजायला वेळ लागतो. तो अवश्य घ्या. पण तीन गोष्टी न समजताही करता येतात. मूल ‘मला लग्न करायचे नाही’ म्हणाले, तर कारण न खोदता स्थळे पाहणे थांबवा. बदलून देतो म्हणणाऱ्या कोणाकडेही त्याला नेऊ नका. स्वतः मात्र जाणकार समुपदेशकाशी जरूर बोला. आणि घरात टीव्हीसमोर बसून अशा माणसांची टिंगल होते ती आजपासून बंद करा, कारण ती ऐकणारे कोणी त्याच खोलीत बसलेले असू शकते आणि आपल्याला काही सांगावे की नाही हे ते त्या टिंगलीवरून ठरवत असते. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, समाजाची परवानगी लागत नाही. आपले मूल सुखी असावे असे म्हणणाऱ्या घराकडून एवढी अपेक्षा धरणे मला मुळीच जास्तीचे वाटत नाही.