ऊसतोड मजुराचे दफ्तर कुठे आहे?

(गेवराई येथील कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे पडला, ही नोंद इतिहासाने अडीचशे वर्षांहून अधिक काळ जपली. त्याच तालुक्यातून दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांची नोंद कोणी जपली?

कारखान्याचे दफ्तर चोख असते. गाळप किती टन, उतारा किती टक्के, साखर किती पोती, सारे छापील अहवालात सापडते. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून साखरेच्या जोरावर नवी गावे उठली, शाळा-दवाखाने आले. त्या भरभराटीचाही गौरव झाला, आणि तो अनाठायी नव्हे. मात्र ऊस तोडणारा त्या अहवालात ‘तोडणी व वाहतूक खर्च’ एवढ्या एका रकान्यात मावतो. करार मुकादमाशी, उचल मुकादमाच्या वहीत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. म्हणून बाईचे नाव बहुधा त्या वहीतही चढत नाही. तान्हे पोर कोपीत निजवून पहाटे फडावर जाणारी, डोक्यावर मोळ्या वाहणारी ही बाई कागदोपत्री जन्मालाच आलेली नसते!

हा प्रश्न इतिहासकारांच्या हौसेचा नाही. मजूर गाडीखाली सापडून मेला आणि वारसांनी भरपाई मागितली, की पहिला सवाल येतो : तो मजूर होता याचा कागद कुठे आहे? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने छायाचित्रासह पासबुक देण्याचे बंधन ठेकेदारावर घातले होते. पण ते राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरते. बेळगावकडे गेला तर त्या कायद्याचा कामगार, सांगलीला गेला तर कोणीच नाही. ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे शासनाने ठरवायला २०२१ उजाडावे लागले.

मोजदाद झाली की काय घडते, ते २०१९ मध्ये दिसले. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तोवर ती गावोगावची कुजबुज होती.

अमेरिकेत टेक्सासमधील ब्यूमाँट गावाजवळ, स्पिंडलटॉप येथे, १९०१ साली तेल उसळले आणि गाव पाहता पाहता फुगले. अर्धे शतक उलटल्यावर, १९५२ पासून, टेक्सास विद्यापीठाच्या अभ्यासकांनी म्हाताऱ्या तेलमजुरांच्या आठवणी ध्वनिफितीवर टिपल्या. कंपन्यांच्या ताळेबंदात न मावणारे जगणे असे दफ्तरी दाखल झाले.

गेवराईत हे काम लांबवता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विशीत असताना जिने पहिल्यांदा फड पाहिला, ती आज सत्तरीपलीकडे आहे. मुकादमांच्या जुन्या वह्या तर रद्दीत चालल्या आहेत. कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी गावोगाव बसावे. बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, स्वतंत्र ओळीवर लिहावे. उचल किती घेतली, किती फिटली, कोणत्या कारखान्याला गेली, पोरांची शाळा कितव्या इयत्तेत सुटली, हे विचारावे. शस्त्रक्रियेची नोंद मात्र तिच्या संमतीनेच करावी, आणि लिहिलेले सारे तिला वाचून दाखवावे.